रेवाचा मागचा पाय

राहू गावच्या बिरदेव कोळपे यांचे वाडवडील मेंढरांमागं घोडी घेऊन हिंडले. बिरदेवांनी घोड्यांचाच फार्म काढला आणि लेकीला, अंकिताला, ड्रेसाज शिकवलं. स्वाराच्या नुसत्या इशाऱ्यावर घोड्यानं तालात पावलं टाकायची, असा तो खेळ. पुण्याला कॉलेजात गेल्यापासून ती नाताळच्या सुट्टीतच घरी येई, तीही रेवा घोडीच्या ओढीनं.

यंदा दिवाळीत रेवा मागचा पाय ओढू लागली. सांधा गेलाय, आता खोगीर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. बिरदेवांनी लेकीला कळवलं नाही. कळलं तर ती येणारच नाही, अशी त्यांना भीती.

अंकिता आली आणि पहिल्याच सकाळी रेवावर बसली. बिरदेव तिला न अडवता बघत राहिले. तिच्या इशाऱ्यासरशी रेवानं पाऊल उचललं आणि ती मागून खचली.

अंकितानं उतरून पाय चाचपला. "कवापासनं हाय हे, आप्पा?"

"दिवाळीपासनं. म्हटलं, तिच्यासाठी तरी येशील."

"तुमच्यासाठी आले नसते का मी?"

रेवाच्या मानेत तोंड खुपसून अंकिता रडू लागली. बिरदेव दोन पावलं पुढं गेले, पण तिच्या पाठीवर हात ठेवायचा त्यांना धीर झाला नाही.