पुडीवरचं नाव

मयूरीला कॅमेऱ्याची भीती वाटते, असं तिच्या सासरी एकमताने ठरलं होतं. त्या घरात एकमत व्हायचे प्रसंग तसे क्वचितच. पण या बाबतीत नवरा, सासू आणि शहाद्याला दिलेली नणंद, सगळे एका सुरात बोलत. एकट्या मयूरीला ते पटत नव्हतं, आणि का पटत नाही हे तिलाही धड सांगता येत नव्हतं.

भित्री ती कधीच नव्हती. माहेरी, धानोऱ्याच्या शाळेत पंधरा ऑगस्टचं भाषण ठरलेलं तिचंच. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा. हिला माइक देऊन वीज कशाला वाया घालवता, असं गुरुजी म्हणायचे. पुढे कॉलेज झालं, बी.ए. झालं, लग्न होऊन ती प्रकाशा गावी आली, एका मुलीची आई झाली. आणि आता वीतभर लांबीच्या मोबाइलसमोर तिची ततपप व्हायला लागली होती.

मोबाइलसमोर उभं राहायची वेळ आली ती वेफर्समुळे. घरची केळीची शेती, तापीच्या काठाला. हिरवी केळी ट्रकमध्ये भरून द्यायची, एवढंच सासऱ्यांना ठाऊक. धीरजच्या, म्हणजे मयूरीच्या नवऱ्याच्या डोक्यात मात्र मागच्या अंगणात भट्टी लावायचं खूळ शिरलं. बापाने ऐकून घेतलं आणि एका वाक्यात विषय संपवला, "केळं ट्रकमा भराले ऱ्हास, कढईमा नही."

धीरज काही कमी नव्हता. त्याने गुपचूप पुड्या छापून आणल्या. वर लाल ठसठशीत अक्षरांत ‘चुनीलाल फराळी वेफर्स’, खाली टोपी घातलेल्या बापाचा फोटो आणि त्याच्याखाली ऑर्डरसाठी बापाचाच मोबाइल नंबर, कारण तो नंबर गावात सगळ्यांना पाठ. म्हाताऱ्याने पुडी उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या दिवशी बायकोला म्हणाला की मागच्या वावरातली केळी शिवरात्रीपर्यंत पोराला घेऊ दे. ती पुडीही त्याने देवघराच्या फळीवर नेऊन ठेवली होती, हे मीनाबाईने म्हणजे सासूने मयूरीला हळूच दाखवलं.

शिवरात्रीला प्रकाशाला माणसांची ही गर्दी उसळते, आणि त्यातला जो तो उपवासाचा. वेफर्स विकायचे तर तेव्हाच. पण त्या दिवशी घाटापासून रस्त्यापर्यंत फराळी मालाच्या दुकानांची रांग लागते, त्यात नव्या पुडीकडे कोण बघतो? नाव आधी लोकांच्या तोंडी बसायला हवं. म्हणून व्हिडिओ. पहिले दोन धीरजने स्वतःच केले. तो बोलला की बसस्टँडवर गाडी लागल्याची सूचना ऐकू येतेय असं वाटायचं. व्हिडिओखाली बायकांनी विचारलं, तेल कोणतं? मीठ उपवासाचं का? तळतं कोण? तळणाऱ्या बाईला बोलू द्या की!

तळणारी बाई बोलली. आणि काय सुरेख बोलली! मोबाइल मिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. एका हातात सोललेलं केळं, कढईवर आडवी किसणीची पट्टी. चकत्या सरसर थेट तेलात पडताहेत आणि ही सांगतेय, केळं कोणतं घ्यायचं, तेल किती तापू द्यायचं, सैंधवाचं पाणी कधी शिंपडायचं. पाणी पडलं की तेल केवढ्यांदा तडतडतं, तर त्या तडतडाटावरही हिचा आवाज. धीरज मोबाइलमागे उभा राहून खूश. मग शेवटी तिने पुडी उचलायची, कॅमेऱ्यासमोर धरायची आणि नाव सांगायचं. तिने पुडी उचलली. डावा हात आपोआप डोक्याकडे गेला, पदर कपाळापर्यंत खाली आला, मान झुकली आणि आवाज कुठल्या कुठे गेला.

"काय व्हयनं?" धीरजने विचारलं.

"काही नही. परत करू."

परत केलं. परत तेच झालं. पाणी पिऊन केलं, देवाला नमस्कार करून केलं, साडी बदलून केलं. पुडी हातात आली की सगळं संपायचं.

नणंद दिपाली शहाद्यात ब्युटी पार्लर चालवते आणि तिथले व्हिडिओही करते, त्यामुळे ती या विषयातली जाणकार. तिने फोनवर सल्ल्यांचा पाऊस पाडला. भिंगाकडे बघ, स्क्रीनकडे नको. खांदे सैल सोड. समोर आपली मैत्रीण बसलीय असं समज. रोज आरशासमोर सराव कर. मयूरीने सगळं केलं. आरशासमोर तर ती अशी बोलायची की आरशानेच पुडी विकत घ्यावी.

आरशानेच तिला खरं काय ते दाखवलं. एका दुपारी सराव करताना जवळ वेफर्सची पुडी नव्हती, म्हणून तिने चहाची पुडी धरली आणि कंपनीचं नाव खणखणीत घेतलं. एकदा नाही, तीनदा. मग स्वयंपाकघरातून आपली पुडी आणली. आरशातली बाई पाहता पाहता पदराआड गेली. मयूरी आरशाकडे बघतच राहिली. कॅमेरा कुठे होता इथे? तिला भीती कॅमेऱ्याची नव्हतीच. पुडीवर सासरे होते!

आधी तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्या घरात सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्यासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, की बोलायचं नाही. कोणी दटावलं नव्हतं, कोणी शिकवलंही नव्हतं. मीनाबाईकडे बघून आल्या आल्याच ते अंगवळणी पडलं. सासरे ओट्यावर खाकरले की हात डोक्याकडे जाणार. त्यांना काही सांगायचं तर सासूला सांगायचं, सासूने ते पुढे न्यायचं. रेशनवर कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं की मयूरी नुसतं कार्ड पुढे सरकवायची. इतकंच काय, दिवाळीत भिंतींना लावायच्या चुन्याला ती ‘पांढरं’ म्हणायची आणि बैलांच्या चुनीला ‘ढोरांचं खाणं’. अशा बाईच्या हाती धीरजने सासऱ्यांचा फोटो दिला आणि म्हणाला, घे नाव, जगाला ऐकू जाईल असं!

हे धीरजला सांगायचं कसं? तो पोट धरधरून हसला असता आणि संध्याकाळी जेवताना बापासमोरच बोलून गेला असता. शिवाय त्याच नावामुळे तर भट्टीला परवानगी मिळाली होती. नाव वगळून व्हिडिओ कर म्हणावं, तर व्हिडिओचा उपयोग काय? आणि मनात आणखी एक लाज होती. आपण बी.ए. झालेल्या, आपल्याला हे असलं जडावं? तिने कोणालाच सांगितलं नाही. सगळे म्हणत होते ती कॅमेऱ्याला घाबरते, तर तीही तेच खरं धरून चालली.

शिवरात्र जवळ आली. तळलेला माल पिंपांत भरून पडला होता. एका सकाळी चहा पिता पिता धीरज तिच्याकडे न बघता म्हणाला, "सुरतले कापड बाजारमा एक काम शे. गोदामनं. माल उठना नही ते शिवरात्र व्हई की मी चालनू."

"आनि आम्ही?"

"तुम्ही आठेच. तठे खोली कोठे शे?"

मयूरीच्या तोंडचं पाणी पळालं. भट्टी लागल्यापासून या घरात दिवस कसा जातो ते तिला कळत नसे. धूर, तेल, धीरजची बडबड, हिशेबावरून भांडणं. अंगणाच्या त्या कोपऱ्यात ती पुन्हा धानोऱ्याची मयूरी व्हायची. भट्टी विझली आणि तो सुरतेला गेला की पुढे काय? दार, दाराआडचा पदर आणि सासूच्या मार्फत बोललेली वाक्यं. तिला फार भीती वाटली. आणि ही भीती खरी होती, कॅमेऱ्याची नव्हे.

धीरज अंघोळीला गेला. मोबाइल ओट्यावरच होता. मयूरीने तो उचलला, मिठाच्या डब्याला टेकवला, भट्टी पेटवली आणि कोणी बघायच्या आत बोलायला लागली. चकत्या पडल्या, तेल तडतडलं. मग तिने पुडी उचलली. हात डोक्याकडे निघाला. या वेळी तिने त्याला अडवलं नाही. पदर नीट घेतला, आणि भिंगाकडे बघून बोलली.

"मायबहिनीसहो, आते खरं सांगस. या पुडीवर जे नाव शे ना, ते मन्हा सासरानं शे. मी त्यासनं नाव लेत नही. आजपावत लीधं नही. तुमले वाचता येस. तुम्हीच वाचा, तुम्हीच नाव ल्या. मीठ मात्र मी मन्हा हाते टाकेल शे, त्यानी हमी मी देस."

बस. बोट दाबलं आणि व्हिडिओ गेला. क्षणभर तिला केवढं हलकं वाटलं! तेवढ्यात धीरज घाईघाईने आला, नमुन्याच्या पुड्या पिशवीत कोंबल्या, मोबाइल खिशात घातला आणि शहाद्याच्या दुकानदाराकडे मोटारसायकलवरून निघूनही गेला. व्हिडिओचा शब्द काढायला त्याने तिला उसंतच दिली नाही.

मोटारसायकलचा आवाज विरला तेव्हा मयूरी भानावर आली. काय केलं आपण? घरातली मर्यादा चव्हाट्यावर नेली. लोक हसणार, आणि हसणार ते सासऱ्यांच्या फोटोकडे बघून! व्हिडिओ काढून टाकावा तर मोबाइल गेला शहाद्याला. आणि सासरे कुठे? रोजच्यासारखे घाटावर, चार माणसांत बसलेले. त्यांच्या स्वतःच्या फोनवर फक्त बोलता येत होतं, पण बाकी तिघांच्या हातात मोठे मोबाइल.

तिने एक घाणा करपवला. दुसऱ्यात मीठ दोनदा पडलं. मीनाबाईने कढईत डोकावून पाहिलं आणि झारा तिच्या हातातून काढून घेतला. "काय व्हयनं व माय? सांग आते."

मयूरीने सांगितलं. सगळं, आरशापासून. मीनाबाईने खारट झालेला घाणा झाऱ्याने उपसला. राग आला की हसू, काही कळेना.

"मी बी नाव कधी लीधं नही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पन त्यासले राग उना ते मन्हा हातमा काही नही, माय."

जिच्या आधाराने आजवर सगळं निभावलं, तिनेच हात वर केले. मयूरीने भट्टी बंद केली आणि घरात जाऊन दाराआड बसली.

चुनीलाल रोज जेवणाच्या वेळेला येत. त्या दिवशी आधीच आले. आले म्हणण्यापेक्षा आधी त्यांच्या फोनचा आवाज आला, कारण गल्लीच्या तोंडापासून घंटी ऐकू येत होती. त्यांनी फोन बंद केला. तो पुन्हा वाजला. ते ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मीनाबाईने पाण्याचा तांब्या नेऊन दिला. दाराआड मयूरी कान देऊन ऐकू लागली.

"सकायपाईन बायासना फोन ई ऱ्हायनात," ते म्हणाले. "बठ्ठ्या मन्हं नाव लेतस आनि हासतस."

मीनाबाई पदराला हात पुसत उभी राहिली.

"एक बाई मोलगी गावथून बोलनी. म्हने, मी बी मन्हा सासरानं नाव लेत नही. तुमनं लीधं, आते पुड्या धाडा." त्यांनी पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवला तो जरा जोरातच वाजला. "घाटवर लोकेसनी तो व्हिडिओ माले बी दखाडा."

आता पुढे काय येणार? मयूरीने डोळे मिटून घेतले. सुरत, भट्टी, धीरज, सगळं त्या पुढच्या वाक्यावर टांगलेलं होतं.

"सांग तिले," चुनीलाल बायकोला म्हणाले. या घरात सुनेसाठीचं प्रत्येक वाक्य असंच सुरू होई. पण ते पुरं व्हायच्या आत फोन पुन्हा वाजला. म्हातारा थांबला. हातातल्या फोनकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग दाराकडे. आणि फोन धरलेला हात त्यांनी सरळ दाराच्या दिशेने पुढे केला.

"मयूरी," ते म्हणाले. "ये, ले हाई. तुन्हासाठे शे."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तिने आपलं नाव ऐकलं नव्हतं. ते त्यांना आठवत असेल अशीही तिची कल्पना नव्हती. ती उठली. पदर पुढे घेतला, बाहेर आली आणि तो फोन हातात घेतला. पलीकडे कोणी बाई विचारत होती, चुनीलाल वेफर्सच ना?

"हा, तेच," मयूरी म्हणाली. "बोला ताई, मी मयूरी बोलस. पुड्या कितल्या धाडू?" फोनवर ओरडायची काही गरज नव्हती, पण आवाज आपोआप पंधरा ऑगस्टचा लागला. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन बघायला लागली.

चुनीलाल उठून गेले नाहीत. टोपी मांडीवर ठेवून ऐकत बसले. मग त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "इतला मोठा आवाज शे इन्हा? इतला वरीस कोठे व्हता?"

"आठेच व्हता," मीनाबाई म्हणाली.