कस्तुराआक्काचा कोंडवाडा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीच्या गेटासमोर, रस्त्यापलीकडे एक जुनी बाभळ होती आणि तिच्याखाली कस्तुराआक्का बसायची. आम्ही सायकलवाले कामगार तिला 'मालकीणबाई' म्हणून चिडवायचो. ती चिडायची नाही, कारण ती खरंच मालकीण होती. वसाहत झाली तेव्हा तिचं शेत सरकारने घेतलं, पण रस्त्याकडेचा एक पट्टा आणि त्यातली विहीर तिच्याकडे राहिली. नवरा आधीच गेलेला. तिने बैल विकले आणि त्या पट्ट्यावर सायकल स्टँड टाकला. स्टँड म्हणजे काय, तर चार आडवे बांबू आणि त्यांना टेकलेल्या आमच्या सायकली.

नियम एकच. "इचारून आला त्यो पाव्हना. न इचारता आलं ते मोकाट जनावर."

आणि मोकाट जनावराचं गावात जे करतात तेच ती करायची. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली म्हैस कोंडवाड्यात जाते आणि दंड भरल्याशिवाय धन्याला परत मिळत नाही. आक्काने बैल विकले तरी बैलांची साखळी ठेवली होती. न विचारता लावलेल्या सायकलचं चाक त्या साखळीने बाभळीला बांधलेलं असायचं. सोडवायची तर दंड म्हणून विहिरीचं पाणी शेंदून हौद भरायचा. आमचे टेरिलीनची पँट घालणारे सुपरवायझर मारुतराव एकदा असे सापडले. सगळ्या शिफ्टसमोर साहेब पाणी शेंदताहेत, हा देखावा बघायला मी बिनपगारी ओव्हरटाइम केला असता!

पण या हट्टामागचं कारण कळल्यावर माझं हसणं थांबलं. आक्काच्या वडिलांच्या शेतातून शेजाऱ्याच्या गाड्या जायच्या. आपलाच माणूस, कसं अडवायचं, म्हणून ते गप्प राहिले. वीस-पंचवीस वर्षांत चाकोरी पडली, मग भांडण कोर्टात गेलं. तुम्ही कधी अडवलंत का, ते कधी विचारून गेले का, असं तिथे विचारलं. दोन्हींचं उत्तर नाही. विचारून जात असते, तर ती नुसती परवानगी ठरली असती, हक्क नव्हे. झालं, रस्ता शेजाऱ्याच्या वहिवाटीचा ठरला आणि शेताचे दोन तुकडे झाले. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. "माझा बाप सभ्यपनानं बुडाला," आक्का सांगायची, "मी न्हाई बुडायची."

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रंगराव नावाच्या कंत्राटदाराचे ट्रक कंपनीत लोखंड आणायला लागले. आत जायला वेळ लागला की ड्रायव्हर सरळ आक्काच्या पट्ट्यात गाडी घालायचे. बांबू मोडले, सायकली रस्त्यावर आल्या आणि पट्ट्यातून टायरांची चाकोरी उमटली. ती चाकोरी बघून आक्काचा चेहरा पडला. ती रंगरावाकडे गेली, तर तो मिशीत हसला. "बाई, ट्रक आहे तो. म्हैस नव्हे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सेकंड शिफ्टला आलो, तर बाभळीखाली लोखंडाने भरलेला ट्रक उभा आणि त्याच्या मागच्या चाकाच्या भोकातून ओवलेली बैलांची साखळी बाभळीला कुलूपबंद! ट्रकचा ड्रायव्हर ज्ञानदेव, बीडकडचा पोरगेला माणूस, हात जोडून उभा होता. "आक्का, मालक कामावरून काढतेत मला. लेकरंबाळं हायेत."

"तुझ्यावर राग न्हाई, बाबा. बस." तिने त्याच्यापुढे भाकरी आणि पिठलं ठेवलं. मग विहिरीची बादली आणून म्हणाली, "त्याच्यात बी पानी घाल." ज्ञानदेवने गुमान रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. कोंडलेल्या जनावराला उपाशी-तहानेलं ठेवायचं नाही, ही कोंडवाड्याची रीत. ती तिने ट्रकलाही लावली. मला हसू आलं.

रंगराव फौजदारांना घेऊन आला. फौजदार माणूस सरळ होता. "आक्का, जागा तुमची, कबूल. पण कोंडवाड्याचा कायदा गुराढोरांचा. मोटारीला तो लागत नाही. दुसऱ्याची गाडी अशी बांधून ठेवली तर गुन्हा तुमच्यावर येईल. तक्रार द्या, कोर्टात जा, पण साखळी सोडा."

रंगरावाने खिशातून नोट काढली. "घे तुझा दंड आणि मिटव."

आक्काने नोटेकडे पाहिलंही नाही. "पैसं नगं. ह्या समद्यांपुढं येकदा इचारा, आक्का, गाडी लावू का? मी लगीच हो म्हनते. तुमी इचारलं की जागा माझी ऱ्हाती."

एवढंच मागणं होतं. पण रंगरावाची मान ताठ. "पायपुसण्याएवढ्या जागेसाठी मी तुला विचारू?"

एव्हाना पहिली शिफ्ट सुटली होती आणि गेटासमोर आमची ही गर्दी जमली होती. आम्ही नुसते सायकली धरून बघत राहिलो. कंपनीच्या कंत्राटदाराशी वाकडं कोण घेणार? फौजदारांनी पुन्हा हुकूम केला. कायदा त्यांच्या बाजूने होता, हे आक्कालाही कळलं. तिने कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि साखळी स्वतःच ओढून घेतली. माझ्या बापासारखीच मीही हरले, असं ती स्वतःशीच पुटपुटली, ते मी जवळून ऐकलं.

ज्ञानदेव गाडीत चढला. ट्रक मागे घेत त्याने पट्ट्याच्या बाहेर, पार रस्त्यावर नेला. आणि तिथे इंजिन बंद करून खाली उतरला. मालक बघतोय, फौजदार बघताहेत, दोन शिफ्टचे कामगार बघताहेत. त्या सगळ्यांसमोर तो पट्ट्याच्या कडेला चपला काढून थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "आक्का, तुमच्या जाग्यात गाडी लावू का?"

"तुला कामावर यायचंय ना उद्या?" रंगराव ओरडला.

ज्ञानदेवने वळूनही पाहिलं नाही. भाकरी देणाऱ्या बाईकडे बघत तो तसाच उभा राहिला.

आक्काने पदराने डोळे पुसले. "लाव की, लेकरा," ती म्हणाली. "अर्धी भाकरी ऱ्हायलीया तुझी."

मग मागून कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. "आक्का, सायकल लावू का?" असं विचारत दोन्ही शिफ्टचे आम्ही सगळे तिच्यासमोर रांगेत उभे राहिलो.