बिनचेहऱ्याचे फोटो

मोंडकर सरांचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाचा राग जसा असतो तसाच. घरी कुळथाची पिठी केली की अजूनही वाटीभर त्यांना नेऊन देते, आणि देताना मनातल्या मनात दोन शब्द सुनावते.

जयवंत मोंडकर आमच्या शाळेत भूगोल शिकवतात. ते देवगडकडचे, मी मुंबईची. एकाच वर्षी सिल्वासाला नोकरीला लागलो आणि सरकारी क्वार्टरमध्ये दाराला दार आलं. माणूस सरळ. शाळेचा खडूसुद्धा खिशातून चुकून घरी आला तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा. पन्नाशीच्या आसपास त्यांना फोटोचा नाद लागला. मसाटच्या एका कारखान्यातला इंजिनीयर बदली होऊन चालला होता, त्याचा वापरलेला कॅमेरा सरांनी घेतला. मग रविवारी दुधनीला जायचं, पाण्यावरच्या होड्या टिपायच्या, परत येऊन संगणकापुढे बसायचं.

कोणीतरी त्यांना सांगितलं की परदेशातल्या वेबसाइटवर असे फोटो विकता येतात. जाहिरातीला, पुस्तकाला ज्याला फोटो हवा तो तिथून घेतो आणि काढणाऱ्याला त्यातला वाटा मिळतो. वाटा म्हणजे कटिंग चहासुद्धा महाग वाटावा इतकाच. पण सरांना पैशाचं काही नव्हतं. पहिला फोटो विकला गेला तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. कुठल्या देशात गेला ते वेबसाइट सांगायची. सरांनी शाळेने रद्दीत काढलेला, कडा फाटलेला जगाचा नकाशा विचारून आणून घरी लावला आणि फोटो गेला त्या देशावर टाचणी टोचायला सुरुवात केली. पहिली टाचणी कॅनडावर.

तो फोटो होता सुलभावहिनींच्या हातांचा. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, ओटीत मोगऱ्याच्या कळ्या घेऊन गजरा ओवत होत्या. फक्त हात, दोरा आणि कळ्या.

हातच का, त्यालाही कारण होतं. फोटोत माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाची लेखी संमती लागते. दोन पानांचा इंग्रजी फॉर्म, खाली त्याची सही, त्याखाली साक्षीदाराची. सरांनी सुरुवातीला एकदा प्रयत्न केला. नथू म्हणून मसाटला कामाला असलेला खानदेशातला एक माणूस, सायकलवर बसून काय मस्त हसला होता! सरांनी फॉर्म पुढे केला तर तो म्हणाला, "सर, माले इंग्रजी वाचता येत नही, सही कशी करू?" सरांना इतकं लाजल्यासारखं झालं की त्यांनी फॉर्म खिशात घातला आणि तो फोटोही पुसून टाकला. त्यानंतर चेहरे बंद. शिफ्टला निघालेल्या माणसांच्या पाठी, जाळं ओढणारे हात, चिखलातले पाय. कारखान्यांच्या पाट्यासुद्धा चालत नाहीत, त्या संगणकावर बसून पुसायच्या. सरांच्या फोटोतल्या सिल्वासाला ना नाव होतं ना तोंड.

आणि घरात रोजचे हात वहिनींचे. नारळ खवणारे, कोकमाची सोलं निवडणारे, तांदूळ धुणारे, निरांजन लावणारे. सर "थांब, थांब" म्हणत कॅमेरा घेऊन धावायचे आणि वहिनी बिचाऱ्या भरल्या हाताने ताटकळत उभ्या. वर विचारायच्या, "आजपण मुंडकं उडवलात ना माझं?" आम्ही सगळे हसायचो. नकाशाकडे बघून त्या मला म्हणायच्या, "माझे हात बघा कुठे कुठे फिरून आले. मी मेली वापीच्या पुढे जायची तर देवगडलाच."

एकदा मी सरांना टोकलं. म्हटलं, घरच्याच तर आहेत, घ्या त्यांची सही आणि काढा चेहऱ्याचा फोटो. सर गंभीर झाले. "बाई, एकदा फोटो तिथे गेला की तो कोण कशावर लावेल सांगता येत नाही. उद्या मूळव्याधीच्या औषधावर हिचा चेहरा दिसला तर? हिचा चेहरा मी विकणार नाही." मला ते पटलं. पण विकायचा नाही म्हणून त्यांनी तो काढायचाच बंद केला, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्याही आलं नसावं.

वहिनींच्या मात्र आलं होतं. श्रावणात एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या. "मंजुषाताई, तो फॉर्म तुमच्या शाळेतल्या मशीनवर निघेल का? ह्यांना कळू द्यायचं नाही." मी दुसऱ्या दिवशी काढून आणला. माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच मी त्यांना इंग्रजीचा अर्थ सांगितला. त्यांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि मी बोट ठेवलं तिथे मराठीत झोकदार सही केली. साक्षीदार म्हणून खाली माझी. एक चौकोन उरला होता. त्यात ज्याचा फॉर्म त्याचा फोटो लावायचा असतो.

"ही जागा यंदाच्या पाडव्याला भरायची," वहिनी म्हणाल्या. "ओवाळताना ताटात हाच ठेवणार. साडी नको म्हणून सांगणार, ओवाळणीत माझा एक फोटो काढा, तोंडासकट. मग खुशाल लावा मूळव्याधीवर. आता काय सबब सांगतात बघू." फॉर्मची घडी घालून त्यांनी ती चांदीच्या निरांजनाच्या डब्यात, तळाशी ठेवली. ते निरांजन फक्त पाडव्यालाच निघायचं.

नवरात्रात, सातव्या माळेच्या दिवशी, त्या देवापुढे बसल्या असताना एका बाजूला कलंडल्या. डोक्यात रक्तस्राव झाला होता. दोन दिवस दवाखान्यात होत्या. शुद्धीवर न येताच गेल्या.

चौथ्या दिवशी सरांनी मला हाक मारली. बाराव्या-तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता आणि तो सापडत नव्हता. त्यांची मुलगी अमृता पुण्याहून आली होती. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये वहिनी होत्या, पण ब्यूटीपार्लरवालीने त्यांना इतकं रंगवलं होतं की त्या आपल्या वाटतच नव्हत्या. अमृताच्या मोबाइलवर कोणाच्या तरी खांद्याआडून अर्ध्या दिसत होत्या. रोज व्हिडिओ कॉल व्हायचे, त्यात कपाळ आणि वरचा पंखा. तेही कोणी जपून ठेवलं नव्हतं. "आई, फोन नीट धर म्हणून मी ओरडायचे तिच्यावर," असं म्हणून अमृता रडायला लागली.

सर संगणकापुढे बसले होते. दहा वर्षांचे फोटो एकामागून एक सरकत होते आणि सगळीकडे हात. हातावरचा भाजल्याचा डाग कधी आला तेसुद्धा त्यात सापडत होतं. प्रत्येक फोटोखाली ओळखीचे शब्द टाकावे लागतात, म्हणजे शोधणाऱ्याला तो मिळतो. सर ते पुटपुटत वाचत होते. भारतीय गृहिणी. स्वयंपाक. हात. आणि शेवटी दर वेळी तेच दोन इंग्रजी शब्द. मी अर्थ विचारला नाही, मला येत होता. ओळखू न येणारी स्त्री.

"हे मी लिहिलंय, बाई," सर म्हणाले. "माझ्या हाताने. शेकडो वेळा."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. फॉर्मविषयी मी बोलले नाही. तोंडापर्यंत आलं होतं, पण त्या घटकेला तो फॉर्म त्यांच्या हातात देणं म्हणजे उरलासुरला माणूस मोडणं, असं वाटलं. गुपचूप डबा उघडून तो काढून घ्यावा असंही मनात आलं, पण तेही माझ्याने झालं नाही. वहिनींनी ठेवलेली वस्तू हलवणारी मी कोण?

शेवटी आधार कार्ड घेऊन आम्ही बाजारात कल्पेशच्या स्टुडिओत गेलो. तो म्हणाला, "सर, आटलो नानो फोटो मोटो करूं तो फाटी जशे." एवढासा फोटो मोठा केला की फुटतो, म्हणे. तरी त्याने जमेल तेवढं केलं. आधार कार्डावर कोण स्वतःसारखं दिसतं? हार घातलेल्या त्या फ्रेममध्ये वहिनी कोणावर तरी रागावल्यासारख्या बघत होत्या. येणारी माणसं नमस्कार करायची आणि नजर खाली घालायची. सरांनी तेवढ्यात तीनदा तरी फ्रेम सरळ केली, ती वाकडी नसताना.

दिवाळी आली. त्यांच्याकडे यंदा काही नव्हतं, मीही दारात एकच पणती लावली. पाडव्याला सकाळी दार वाजलं. सर उभे होते. अंगात घरातला सदरा, हातात तो फॉर्म, घडीच्या खुणांसकट.

"तिच्या फोटोपुढे निरांजन लावावं म्हणून डबा उघडला," ते म्हणाले. "ही खालची सही तुमची ना?"

"हो."

मी त्यांना आत बसवलं आणि सगळं सांगितलं. पाडवा, ताट, साडी नको, तोंडासकट फोटो. मूळव्याधीवर लावा म्हणाल्या होत्या तेही सांगितलं. ते ऐकून सर हसले आणि मग हसता हसता त्यांना रडू कोसळलं. मोठ्या माणसाचं असं रडणं मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. बराच वेळ त्यांचा अंगठा त्या रिकाम्या चौकोनावरून फिरत होता.

मग त्यांनी विचारलं, "तिने सही कुठे केली?"

"इथेच. त्या ओट्यापाशी उभं राहून."

"सही करताना तिचा चेहरा कसा होता, बाई? तुम्ही समोर होतात. नीट आठवून सांगा."

"हसत होत्या," मी म्हटलं. "लग्न ठरलेल्या मुलीसारख्या."

सरांनी मान हलवली, फॉर्मची घडी घातली आणि ते गेले.

मी खोटं बोलले. इंग्रजी फॉर्मवर भलतीकडे सही व्हायला नको म्हणून त्या वेळी मी कागदावर बोट ठेवून खालीच बघत होते. मला आठवतात ते वहिनींचे हात.