कंपासने काढलेलं विवर

काका, गेल्या सुट्टीत तुम्ही दुर्बीण इथेच ठेवून गेलात, तेव्हापासून आजोबा आणि मी संध्याकाळी उलव्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जातो. मी वहीत तारीख घालून चंद्राचं चित्र काढते. त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळचं एक जुनं, झिजलेलं विवर माझ्या विशेष आवडीचं. ते अगदी कडेला आहे, म्हणून रोज दिसत नाही. चंद्र आपल्याकडे एकच बाजू ठेवत असला तरी किंचित डोलतो. त्यात ते कधी पुढे येतं, कधी कडेपलीकडे जातं.

त्या दिवसांत आजोबांचा मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, पण त्यांचं एकच पालुपद, "मला सगळं दिसतं." आणि ते स्कूटर काढून खांदेश्वरला मित्राकडे जायचे, ट्रकच्या त्या रस्त्यावरून. परत येईपर्यंत मी खिडकीतून हलत नसे.

एका संध्याकाळी मी दुर्बीण लावून पाहिलं, तर विवर कडेपलीकडे गेलेलं. मी काही न बोलता बाजूला झाले. आजोबांनी डोळा लावला.

"दिसलं का हो विवर?"

"न दिसायला काय झालं? मस्त गोल आहे. कड कशी धारदार!"

"आज ते तिथे नाहीच आहे. तुम्ही माझ्या वहीतलं चित्र सांगताय."

बराच वेळ त्यांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. जिना उतरताना म्हणाले, "मास्तरीणबाई, परीक्षा घेता होय!" घरात आल्यावर स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. "उद्या डॉक्टरांना फोन कर."

दोन्ही डोळे झाले. थेंबांचं वेळापत्रक मी फ्रिजवर लावलं होतं. एकही वेळ चुकली नाही. डॉक्टर हो म्हणाल्यावर पुन्हा गच्चीवर गेलो. विवर त्या दिवशी पुढे आलेलं होतं. आजोबा सावकाश बघत राहिले, मग माझी वही मागितली.

"अगं, हे काय काढलंयस? गोल कुठे आहे ते? चपटं दिसतंय. आणि एका बाजूची कड पार ढासळलीय."

मी डोळा लावला. खरंच होतं. विवर म्हणजे वर्तुळ, असं धरून मी ते दर वेळी कंपासने काढत आले होते.

मी खोडरबर शोधायला लागले. आजोबांनी हात पुढे केला, स्कूटरच्या किल्लीसाठी. आधी किल्ली दिली, मग चित्र खोडलं.