बिनवासाचा रंग मारलेला कुलर

मैत्रिणींनो, सकाळी टाकलेल्या कुलरच्या फोटोला आता छान-छान म्हणू नका.

माझ्या मुलीला दमा आहे. म्हणून गंजलेल्या कुलरला तो पाण्यातला, बिनवासाचा स्प्रे पेंट मारायचा ठरवला. आमच्या शाहपुरात मिळेना, तर यांनी मुद्दाम बऱ्हाणपूरहून आणून दिला. अंगणात जुनी साडी अंथरून मी दोन हात मारले. पोरगी शेजारीच बसली होती, एकदाही खोकली नाही. मला वाटलं, चला, जमलं!

दुपारी रंग सुकल्यावर कुलर खिडकीत बसवला, तिला समोर झोपवलं अन् बटण दाबलं. थोड्याच वेळात ती खोकत उठली. खोलीभर जळक्या प्लास्टिकचा धूर. कुलर तो बाहेरून ओढत होता.

मी धावत मागे गेले. आमच्याच केळीच्या बागेत, घडांवर चढवतो त्या प्लास्टिक पिशव्यांचा ढीग पेटला होता. पेटवणारे हेच.

"अहो, पोरीला श्वास घेता येईना!"

"मग पिशव्या कुठे नेऊ, तू सांग. सगळेच तर जाळतात."

मी बघितलं, तर आजूबाजूच्या बागांतूनही धूर निघतच होता.

आता कुलर बंद, खिडकी बंद. पोरगी घामाने भिजून दम्याचा पंप ओढतेय. कुलर मात्र नवाकोरा दिसतोय.

तुमच्या गावात नाही जाळत या पिशव्या? एकीने तरी नाही म्हणा.