प्रेसवरची प्रार्थना

आमच्या कंपनीच्या प्रेस शॉपमधले सेटरमामा नसते तर हे लिहायला माझा हात धड राहिला नसता. प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवायचं त्यांचं काम. गाव चाकणच्या पलीकडं, तिथं थोडं कांद्याचं रान, गळ्यात माळ. माझ्या देवाशी त्यांची काही ओळख नाही. तरी प्रार्थना करायला मला खरं शिकवलं ते त्यांनीच.

मी जालन्याकडचा. सहावीत शाळा सुटली. इथं चाकणजवळ एका छोट्या कंपनीत पॉवर प्रेसवर लागलो. हातानं पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायानं पायडल दाबायचं. वरून ठोका येतो, तुकडा तयार. दिवसभर तेच. शेजारच्या प्रेसवर लातूरचा एक भाऊ होता. एका सकाळी त्याचा हात बाहेर यायच्या आधी पाय पडला. दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी मशीन पुसून ठेवलेली, आणि सुपरवायझर मला म्हणाला, "आजपासून तू इथं."

नाही म्हणायची हिंमत झाली नाही. नाही म्हटलं की गेटच्या बाहेर.

मशीनवर जाऊन बसलो. मग प्रत्येक पत्र्याआधी मी प्रार्थना सुरू केली. प्रभू, माझी बोटं वाचव. ठोका. प्रभू, माझी बोटं वाचव. ठोका. आणि प्रार्थना म्हटली की माझे डोळे आपोआप मिटतात. लहानपणी चर्चमध्ये डोळे उघडे दिसले की आई डोक्यात टपली मारायची, ती सवय. हात प्रेसच्या आत, पाय पायडलवर, डोळे बंद. मला ते कळतसुद्धा नव्हतं.

एकदम कुणीतरी माझं मनगट धरून ओढलं. दुसऱ्या हातानं मामांनी मशीन बंद केली.

"झोपतोस व्हय रं?"

"नाही मामा. प्रार्थना करत होतो."

"कुनाची?"

"येशूची."

"मंग त्यालाच बसव की हितं. त्यो तरी बघून काम करंल."

मला हसू येईना. तेवढ्यात सुपरवायझर आला. "मशीन का बंद?"

"डाय हलली," मामा म्हणाले. "अर्धा तास जाईल."

"सकाळीच बसवली ना राव! एवढी वर्षं काय शिकला तुम्ही?"

"हलली म्हनजे हलली. तुमी बसवताय का?"

डाय तसूभरही हलली नव्हती. सगळ्यांसमोर बोलणी खाऊन मामांनी घट्ट बसलेले बोल्ट सोडले आणि तेच परत आवळले. खोटं बोलले, तेही माझ्यासाठी. बोल्ट आवळता आवळता हळूच म्हणाले, "डोळं उघडं ठिवून बोलता येत न्हाई का तुज्या देवाशी?"

खरं सांगतो, हे मी कधी करूनच पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासानं परत बसलो. डोळे उघडे ठेवले तर प्रार्थनेचे शब्दच येईनात. नुसता पत्रा दिसायचा, माझा हात दिसायचा. मग मशीनखाली एक चप्पल दिसली. लातूरच्या भावाची. गडबडीत तिथंच राहिलेली. आणि तेव्हा लक्षात आलं. त्या सकाळपासून मी शंभरदा देवापुढं तोंड उघडलं होतं, आणि त्या माणसासाठी एक शब्द बोललो नव्हतो. फक्त माझी बोटं, माझी बोटं.

मग त्याच्यासाठी बोललो. जसं सुचेल तसं, तुटकतुटक. त्याला दुखत असेल, प्रभू, त्याच्याजवळ थांब. हात बाहेर आलेला बघायचा, मगच पाय.

भीती गेली, असं नाही. आजही सकाळी पहिल्या ठोक्याआधी मी बोटं मोजून बघतो. पूर्वी मी भीती काढून घे म्हणायचो. आता तिच्यासकट बोलतो, की बघ, मी भ्यालोय, आणि माझ्यासोबतची ही माणसंही भ्यालीत. रविवारी पाळक साहेब डोळे मिटा म्हणतात. माझे मिटत नाहीत. शेजारी बसलेल्यांचे हात दिसतात, आणि मागायला खूप काही सापडतं.

मामांना मी आजवर धड थँक्यूही म्हटलेलं नाही. पुढच्या वर्षी ते रिटायर होतील. मामा, त्यानंतर एका सुगीला मी सुट्टी टाकून तुमच्या शेतात येईन आणि तुमचा कांदा काढीन, सगळं रान मोकळं होईपर्यंत. नक्की येईन.