निमाचं पाप, भाग दुसरा

पयली आली ती शोभा. चप्पल पण काढली नाय, उंबऱ्यातच रडायला लागली.

मी म्हटलं, "अगो, आधी पाणी तरी पी. रडायला सगळा दिवस पडलाय."

शोभा म्हणजे आमच्या निमाची मैत्रीण. शहापूरच्या कॉलेजात दोघी एका बाकावर. आता आसनगावला असते. अंगानं अशी भरलीय, मला वाटलं कुणाची तरी सासूच आली.

मागनं वैशाली. ती मुरबाडची, त्यांच्याच कॉलेजातली. तेव्हा काडी होती, अजून काडीच. हातात ही मोठी पिशवी.

आज निमाचा दिस, ती गेली तो.

माझी धाकटी लेक. कावीळ डोक्यात गेली, आणि गेली पोरगी. बारावीचा निकाल लागला तेव्हा पेढे कुणाला द्यायचे तेच कळंना.

पण खोटं कशाला बोलू, पोरी आल्या आणि मला इतका आनंद झाला! तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या, वालाचं बिरडं केलं. निमाला वाल आवडत नव्हते. शोभाला आवडतात.

(हे मी बोलतेय आणि मोबाईल लिहितोय. नातीनं शिकवलंय, तीच पुढं सगळ्यांना पाठवणार हाय. चुकलं तर पोटात घाला.)

तर निमाला गाण्यांचं वेड.

दोन हजार साल लागायला आलं होतं तेव्हाचं सांगते. टीव्हीवर नवीनच गाणी लागायची. पिक्चर नाय, हिरो नाय. नुसता एक केस वाढवलेला पोरगा डोंगरावर उभा, आणि वारा सुटलेला.

मी इचारलं, "हे कसलं गो?"

"आये, हे पॉप."

मला ऐकू आलं पाप.

मी शेजारच्या ताराबायला सांगितलं, आमची निमा हल्ली पापाची गाणी ऐकते. तारा म्हणाली, "ऐकू दे, पण मधनं एखादं देवाचं पण लाव म्हणावं."

निमा हसून हसून पोट धरून बसली. मग घरात तेच नाव पडलं. "निमे, पाप बारीक कर." "निमे, पाप बंद कर, बाबा झोपलेत."

शहापुरात कॅसेट भरून देणारं दुकान होतं. आपण गाणी सांगायची, तो एका कॅसेटीत भरून द्यायचा. पण निमाला धीर कुठं! ती टेप उचलून टीव्हीसमोर ठेवायची, दोन बटणं एकदम दाबायची, आणि आमाला सगळ्यांना डोळे वटारायची. कुणी खोकायचं पण नाय.

आणि मला तर गप बसता येत नाय. माझी आई म्हणायची, ही मेली तरी तोंड वेगळं मारावं लागंल.

म्हणून निमाच्या गाण्यांत मधेच मी.

"निमे, भाकरी थंड होतेय गो!"

आणि लगेच ती: "आये, गप! रेकॉर्ड चालूय!"

किती भांडायची. "माझं सगळं गाणं नासवलंस." मग त्यातच हसायची. ते हसणं पण कॅसेटीत आलंय.

अशा दोन कॅसेटी. वर चिठ्ठीवर तिनंच लिवलं, 'निमाचं पाप, भाग पहिला', 'भाग दुसरा'.

ती गेल्यावर बायांनी तिच्या कापडांचं गाठोडं बांधून काळू नदीत सोडलं. रीतच हाय. तिच्या स्वेटरच्या खिशात पहिला भाग होता. नंतर कळलं.

दुसरा राहिला. मग टेप मेला. मग कुणाच्याच घरी टेप राहिला नाय.

गाणी काय, आता नात बोट लावते आणि वाजतात. तीच गाणी, तोच केसवाला. पण मोबाईलच्या गाण्यात मधेच कुणी "आये, गप" म्हणत नाय.

फोटो हाय, हार घातलाय. फोटो पण आये म्हणत नाय.

वैशालीच्या पिशवीत काय होतं? टेप! तिच्या सासऱ्यांचा, माळ्यावरचा, पुसूनबिसून आणलेला.

कॅसेट मी कपाटातनं काढून दिली, शोभानं लावली.

खर्र... आणि गाणं लागलं. तेच! दोघी पोरी बसल्या बसल्या मान हलवायला लागल्या. पोरी कसल्या, शोभाचा लेक कॉलेजात हाय.

मी म्हटलं, आता येईल. थांबा. आता येईल.

आणि माझाच आवाज आला. तरणा. "निमे, भाकरी थंड होतेय गो!"

आणि ती म्हणाली, "आये—"

तेवढंच.

टेपानं रीळ खाल्ली. घर्रर्र.

शोभा ओढायला गेली, मी तिचा हात इतका जोरात धरला की बांगडी वाढली तिची. वैशालीनं हळूहळू सोडवली. रीळ चुरगळलीय, एका जागी तुटलीय. नेमकी तिथंच.

"मावशी, कल्याणला एक जण जोडून देतो. मोबाईलमधी पण टाकून देईल. द्या माझ्याकडे."

द्या म्हणे.

एक अशीच घराबाहेर गेली होती, गाठोड्यातनं.

मी कॅसेट पदरात घेऊन बसले. गाडीचा टाइम झाला, त्या उठल्या, आणि मी दिली. निमाच्या रुमालात बांधून दिली. फाटकापर्यंत मागं मागं गेले. "उन्हात ठेवू नको गो. पिशवीत वर ठेव. कुणाला दाबू देऊ नको."

आता घरात पाय ठरत नाय माझा.

निमाच्या कॉलेजातल्यांनो, तिनं कुणाला कॅसेट भरून दिली असंल तर माळ्यावर बघा. हात जोडते. गाणी तुमाला ठेवा. मला फक्त मधला तो आवाज पायजे.

निमे, तुझ्या आयेचा तुला नमस्कार. या वेळी मी मधे एक शब्द बोलणार नाय. तूच बोल.

दोघी रविवारी कॅसेट घेऊन येतो म्हणाल्यात.